एपी इन्फो की एपीडेटा? लेप्टोच्या फॉर्मांचा हिशोब

कुडाळजवळच्या एका गावात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, पाहणी करायची ठरली, तेव्हा फॉर्मांतली माहिती संगणकावर भरायला आमच्यातल्या एकाने लॅपटॉपवर एपी इन्फो हे सॉफ्टवेअर टाकून आणलं, दुसऱ्याने एपीडेटा. दोघांचीही समजूत, दोन्ही एकच. नातं आहे म्हणा. एपी इन्फो अमेरिकेच्या सीडीसीचं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचं, १९८५ पासूनचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातलं. ते विंडोजवर गेल्यावर जुन्या सहाव्या आवृत्तीचा सुटसुटीतपणा टिकावा म्हणून डेन्मार्कमध्ये येन्स लाउरित्सेन यांनी एपीडेटा उभं केलं. दोन्ही फुकट.

वय १५० टाइप केलं तर अडवायचं, पुरुषाच्या फॉर्ममध्ये गरोदरपणाचा प्रश्न गाळून पुढे जायचं, हे दोन्हींना शिकवता येतं. पण ३५ चे ५३ झाले तर? दोन्ही वयं खरीच वाटतात, कुठलीही मर्यादा घालून ती चूक सापडत नाही. इथे एपीडेटाचा हातखंडा: तेच फॉर्म दोघांनी वेगवेगळे भरायचे आणि दोन्ही फाइली जुळवायच्या, जिथे फरक तिथे कागद पुन्हा बघायचा. काम दुप्पट, कंटाळवाणंही. पण आमच्याकडे एका फॉर्मवर भातलावणीला उतरल्याची तारीख आणि ताप आल्याची तारीख यांची अदलाबदल झाली होती. खाचरात पाय घालायच्या आधीच माणूस आजारी! लेप्टोची लक्षणं संसर्गानंतर साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसतात, त्यामुळे असे चार-पाच फॉर्म सुटले तरी निष्कर्ष घसरतो.

एपी इन्फोचं बळ भरलेल्या माहितीच्या पुढे दिसतं. तक्ते, साथीचा आलेख, नमुना किती घ्यावा याचा हिशोब तर आहेच, वर अक्षांश-रेखांश दिले की रुग्णांचे ठिपके नकाशावर उमटतात. ठिपके कुठल्या वाडीत दाटलेत ते दिसलं की लेप्टोवरच्या डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या आधी कुठे न्यायच्या, यावर वाद उरत नाही. मात्र ठिपक्यांमागचे रस्ते-ओहोळ दिसायला नेट लागतं, आणि आषाढात आमच्याकडे नेटचं काय होतं ते सांगायला नको.

कागदी फॉर्म असतील तर मी एपीडेटात भरते आणि सीएसव्ही (कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) काढून नकाशासाठी एपी इन्फोत नेते. वाडीला नावाऐवजी कोड द्या; देऊळवाडी दर दुसऱ्या गावात आहे. आणि मधल्या मध्ये ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, ०७ चा नुसता ७ होतो आणि वाडी हरवते.