पितळी मूठ आणि वळणदार पाते: अमेरिकेच्या तलवार-संगिनींमागचा इतिहास

जुन्या शस्त्रांच्या बाजारात ‘अमेरिकन यादवी युद्धातली संगीन’ म्हणून जे हाती ठेवले जाते, ते अनेकदा दिसते असे: पितळी मूठ, नागमोडी वळण घेतलेले लांब पाते, आणि मुठीपाशी आडव्या दांडीचे एक टोक आकडीसारखे वळलेले. पात्याच्या पाठीवर बारीक तिरपी अक्षरे असतात. ती भिंगाखाली धरली की सेंत एतिएनसारख्या कारखान्याचे नाव आणि १८६८ किंवा १८७० असे एखादे साल वाचता येते. म्हणजे ही फ्रान्सच्या शासपो रायफलीची, १८६६ च्या नमुन्याची संगीन. यादवी युद्ध तर १८६५ मध्येच संपले होते.

या गल्लतीला कारण आहे. अमेरिकेने हा आकार फ्रान्सकडूनच घेतला होता. १८४० च्या दशकात फ्रेंच सैन्याने आपल्या रायफलधारी पथकांना तुर्की यातागान तलवारीच्या घाटाची संगीन दिली. तो बाक शोभेचा नव्हता. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावी लागते, आणि संगीन लावलेली असताना शिपायाचा हात धारेच्या अगदी जवळून खालीवर होतो. बाकामुळे पाते नळीपासून दूर राही आणि बोटे वाचत. मागून भरायच्या रायफली आल्यावर ही गरज उरली नाही, तरी शासपोपर्यंत तोच घाट चालत राहिला.

अमेरिकेत मुळात तलवार-संगीन हा अपवाद होता. पायदळाच्या मस्केटला, म्हणजे लांब नळीच्या बंदुकीला, नळीवर बसणारी, साधारण १८ इंची तिधारी संगीन असे आणि यादवी युद्धात बहुसंख्य शिपायांनी तीच वापरली. १८४७ मध्ये सॅपर्स आणि मायनर्स, म्हणजे खंदक-सुरुंग खोदणाऱ्या पथकाच्या आखूड बंदुकीसाठी चिकोपीच्या एम्स कारखान्याने पितळी मुठीची तलवार-संगीन तयार केली, पण ती फार थोडी बनली. खरी सुरुवात १८५५ च्या रायफलीपासून झाली. पायदळाच्या लांब बंदुकीची नळी ४० इंचांची होती, तर या रायफलीची ३३ इंचांची. आखूड बंदूकवाल्याची पोच कमी पडू नये म्हणून तिला सुमारे २२ इंच पात्याची संगीन मिळाली. खंदकात, झाडीत किंवा तळावर ती हातात धरून वापरता येईल, हाही हेतू होता. १८४१ च्या प्रसिद्ध ‘मिसिसिपी’ रायफलीला मूळची संगीनच नव्हती. तिच्यातही पुढे फेरफार करून अशी संगीन बसवली गेली. म्हणून मिसिसिपीची संगीन दाखवणाऱ्याला मी पहिल्यांदा विचारतो, की ती कोणत्या फेरफाराची आहे.

१८५५ ची ही रायफल हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात बनत होती. ऑक्टोबर १८५९ मध्ये गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउनने याच कारखान्यावर छापा घातला. गुलामांच्या हाती देण्यासाठी त्याने सुमारे ९५० भाले सोबत आणवले होते. ते कनेक्टिकटमधल्या कॉलिन्सव्हिलच्या चार्ल्स ब्लेअरने बनवले होते. हा ब्लेअर कुऱ्हाडी घडवणाऱ्या कॉलिन्स कंपनीतला लोहारकामाचा प्रमुख. दीड वर्षानंतर, एप्रिल १८६१ मध्ये, माघार घेताना संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैनिकांनी हार्पर्स फेरीचा कारखाना पेटवला. वाचलेली यंत्रे दक्षिणेच्या हाती पडली आणि रिचमंड व फेएटव्हिलला गेली. फेएटव्हिलला त्याच यंत्रांवर तशीच रायफल आणि तशीच पितळी मुठीची संगीन बनू लागली. उत्तरेच्या संगिनी मात्र आता कुऱ्हाडींच्या त्याच कॉलिन्स कंपनीकडून येऊ लागल्या. मला या एवढ्या हकिगतीत साऱ्या विषयाचा गाभा दिसतो. आकार एक, यंत्रे एक, पण शस्त्र एकमेकांविरुद्धच्या दोन सैन्यांचे. नुसत्या घाटावरून ओळख पटत नाही ती यामुळेच.

कॉलिन्सच्या पात्यावर कंपनीच्या नावासोबत ‘हार्टफर्ड’ असा ठसा असतो. कारखाना कॉलिन्सव्हिलला होता, पण ठशात गाव हार्टफर्डच, म्हणून त्या नावावरून संशय घेऊ नये. रेमिंग्टनच्या १८६२ च्या रायफलीची संगीन, जिला संग्राहक ‘झुआव्ह’ म्हणतात, २० इंच पात्याची. नौदलाच्या व्हिटनी रायफलीलाही कॉलिन्सचीच तलवार-संगीन होती. त्याच रायफलीसाठी नौदल अधिकारी डालग्रेन यांनी एम्सकडून रुंद, सुमारे १२ इंच पात्याची, बोवी सुऱ्यासारखी संगीन करवून घेतली. तिचा लाकडी मुठीचा भरीव बांधा पाहिला की ती विसरता येत नाही.

प्रत्यक्ष ओळखताना मी पात्याकडे सर्वांत शेवटी पाहतो. आधी आडव्या दांडीतली कडी: तिचे भोक ज्या नळीवर बसायचे तिच्या मापाचे हवे. मग मुठीतली खाच आणि खटक्याची कमान, कारण नळीवरच्या खुंटीला तीच धरते. अमेरिकन संगिनीची आडवी दांडी बहुधा छोट्या गोल गाठीत संपते, शासपोसारखी आकडी तिला नसते. चौकटीची नक्षी असलेली कातडी मूठ दिसली तर ती इंग्लिश एन्फिल्ड रायफलीची समजावी. ती दोन्ही बाजूंनी आयात केली, त्यामुळे युद्धातली असू शकेल, पण अमेरिकन बनावटीची नाही. दक्षिणेच्या दुर्मीळ नगांना मोठी किंमत येते. त्यामुळे ठसा मागाहून मारलेला असण्याची शंका तिथे सर्वांत आधी घ्यावी.

या संगिनींनी माणसे किती मारली? संघराज्याच्या सैन्याच्या वैद्यकीय नोंदींत २,४६,७१२ जखमांपैकी संगीन आणि तलवारीच्या मिळून ९२२ आहेत. उरलेल्या सगळ्या गोळ्या आणि तोफगोळ्यांच्या. मैदानातच प्राण गेलेल्यांची गणती यात नाही हे धरले, तरी प्रमाण बोलके आहे. युद्धानंतर उरलेला माल न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमनसारख्या व्यापाऱ्यांनी लिलावांत घेतला. हडसन नदीतल्या पोलेपल बेटावर त्याने कोठारही बांधले. आज कित्येक संगिनी इतक्या कोऱ्या सापडतात त्या अशा कोठारांच्या कृपेने.

नंतर सैन्याने लांब पाते सोडून गजासारखी सरकती संगीन आणली. ती १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीवरही होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जानेवारी १९०५ मध्ये तिच्यावर कडक टीका केली आणि १६ इंच पात्याची १९०५ ची संगीन आली. तिच्या पात्याच्या बुडाशी एका बाजूला स्प्रिंगफील्ड किंवा रॉक आयलंड या सरकारी कारखान्याची आद्याक्षरे, ज्वाला निघणाऱ्या गोळ्याची खूण आणि साल. दुसऱ्या बाजूला ‘यू. एस.’ आणि क्रमांक. १९१७ ची १७ इंची संगीन ब्रिटिश नमुन्याची. तिच्या लाकडी मुठीवरच्या दोन आडव्या खाचा मुळात जुन्या ब्रिटिश संगिनीशी घोटाळा होऊ नये म्हणून पाडलेल्या.

दुसऱ्या महायुद्धात १९०५ चाच नमुना पुन्हा बनला, आता प्लास्टिकच्या मुठीचा. बनवणाऱ्यांत अमेरिकन फोर्क अँड हो ही शेती-बागेच्या अवजारांची कंपनी होती आणि काटे-चमचे करणारी ओनायडाही. १९४३ मध्ये पाते १० इंचांवर आले आणि असंख्य लांब संगिनी परत बोलावून कापल्या गेल्या. कापलेली ओळखायची खूण सोपी आहे. मूळच्या १० इंची पात्यावरची पन्हळ, म्हणजे लांबीने कोरलेली खाच, टोकाच्या बरीच आधी थांबते, कापलेल्यावर ती थेट टोकापर्यंत धावते. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सालाची, अखंड १६ इंचांची, लाकडी मुठीची संगीन कुणाकडे दिसली, तर तिच्या पोलादाला पॉलिश लावू नका आणि म्यान सोबत आहे का ते विचारा.