अमेरिकेतल्या घरच्या लँडलाइनचं कॉल फॉरवर्डिंग भारतातून कसं बदलायचं?

न्यू जर्सीसारख्या राज्यांतली बरीच मराठी ज्येष्ठ मंडळी हिवाळ्यात दोन-तीन महिने भारतात येतात. तिकडे बँकेचे, डॉक्टरांचे फोन रिकाम्या घरात वाजत राहतात. निघताना फॉरवर्डिंग (घरी येणारे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) लावायचं राहिलं किंवा मध्येच नंबर बदलायचा झाला, तर ‘रिमोट ॲक्सेस टू कॉल फॉरवर्डिंग’ ही सोय, म्हणजे बाहेरच्या दुसऱ्या फोनवरून फॉरवर्डिंग लावणं-काढणं, उपयोगी पडते. पण ती आधी घेऊन ठेवावी लागते. म्हणून तिकिटं काढली की लगेच हे काम उरका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

साधं फॉरवर्डिंग (*७२ ने सुरू, *७३ ने बंद) घरच्या फोनवरूनच लागतं. रिमोटची सोय तांब्याच्या तारेवरच्या लाइनला मिळू शकते. तुमच्या भागात आहे का आणि महिन्याला किती पडतात, हे कंपनीला विचारा. इंटरनेटवर चालणारा फोन असेल तर बहुतेक वेळा वेबसाइटवरून किंवा ॲपवरूनच काम होतं.

अर्ज म्हणजे कस्टमर सर्व्हिसला एक फोन. ताजं बिल (त्यावर खाते क्रमांक असतो) आणि खात्याचा पासकोड जवळ ठेवा. खरी अडचण येते ती खातं वडिलांच्या नावावर आणि फोन मुलगा करतोय तेव्हा. वडिलांनाच बोलायला लावून मुलाचं नाव ‘ऑथोराइज्ड युजर’ म्हणून नोंदवून घ्या.

मग एक ॲक्सेस नंबर आणि पिन मिळतो. वापरायची नेहमीची पद्धत अशी: ॲक्सेस नंबर लावायचा, घरचा दहा आकडी नंबर आणि पिन द्यायचा, ७२# दाबून ज्यावर कॉल वळवायचे तो नंबर द्यायचा. बंद करायला ७३#. कंपनीनुसार थोडा फरक असतो, म्हणून निघण्याआधी मोबाइलवरून एकदा करून बघाच. टोल-फ्री नंबर भारतातून अनेकदा लागत नाहीत, तेव्हा एरिया कोडवाला साधा नंबर मागून घ्या. भारतातल्या सिमवर आयएसडी चालू हवं.

वळवलेल्या कॉलचा पुढचा खर्च घरच्या लाइनवर पडतो. भारतातला नंबर दिलात तर प्रत्येक कॉल आंतरराष्ट्रीय धरला जाईल. त्यापेक्षा मुलाचा किंवा मुलीचा तिथला मोबाइल द्या.

आणि कुणी अनोळखी माणूस फोनवर ‘*७२ दाबून हा नंबर लावा’ म्हणाला, तर लगेच फोन ठेवा. ही फसवणुकीची जुनी युक्ती आहे: तुमचे कॉल त्याच्याकडे जातात, बिल तुमच्या नावावर येतं. चुकून दाबलंच असेल तर *७३ लावून फॉरवर्डिंग काढून टाका आणि कंपनीला कळवा.