मिरचीचं मलम आणि मिरचीचा पॅच: द्रव्य एकच, उपचार दोन

मज्जातंतूंच्या दुखण्याने हैराण झालेली माणसं एक वाक्य वारंवार बोलतात: “मिरचीचं औषध लावून पाहिलं, नुसती आग झाली, उपयोग शून्य.” हे ऐकल्यावर आधी एकच विचारायला हवं. लावलं काय होतं? दुकानातून आणलेलं मलम, की दवाखान्यात तासभर बसवून लावलेला ८ टक्क्यांचा पॅच? दोन्हींत द्रव्य तेच, मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन. पण एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याबद्दल मत बनवता येत नाही. मलम जमलं नाही म्हणून पॅचचं नावही न काढणारे आणि पॅचच्या धास्तीने साध्या मलमालाही हात न लावणारे, दोघांचंही नुकसान होतं. म्हणूनच हे दोन उपचार समोरासमोर ठेवून समजून घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

हे दुखणं म्हणजे नेमकं कोणतं, ते आधी स्पष्ट करू. नागीण बरी होते, फोड सुकतात, पण त्या पट्ट्यात महिनोन्‌महिने आग होत राहते. मधुमेहात पावलांची भगभग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. इथे जखम नसते, सूज नसते. संवेदना वाहून नेणारे तंतूच बिघडलेले असतात आणि कारण नसताना मेंदूकडे वेदनेचे संदेश धाडत राहतात. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारख्या नेहमीच्या गोळ्यांनी अशा दुखण्यात फारसं काही साधत नाही. अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, गॅबापेन्टिन, प्रेगाबॅलिन ही औषधं अनेकांना उपयोगी पडतात, पण गुंगी, चक्कर, तोंडाला कोरड असे त्रासही त्यांच्यासोबत येतात. वयस्कर माणसाला, आधीच पाच-सहा गोळ्या चालू असणाऱ्याला, रात्री उठताना तोल जाणाऱ्याला त्या नकोशा वाटल्या तर नवल नाही. दुखतं तिथेच लावायचं आणि अंगभर न पसरणारं औषध अशांना मोठा आधार ठरू शकतं.

आता दोन्ही उपचारांचा समान पाया. त्वचेत वेदना टिपणाऱ्या तंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे संदेश टिपणारं प्रथिन, असतो. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेलं की तो उघडतो आणि ‘भाजतंय’ असा संदेश निघतो. कॅप्सेसिन त्याच ग्राहकाला जाऊन चिकटतं आणि त्याला तसंच उघडतं, म्हणून तिखट लागलेल्या जागी प्रत्यक्ष उष्णता नसतानाही भाजल्यासारखं वाटतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये कॅप्सेसिनचाच माग काढत हा ग्राहक शोधला. २०२१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पॅटापुटियन यांना मिळालं, ते तापमान आणि स्पर्श टिपणाऱ्या ग्राहकांच्या शोधासाठी.

मग आग लावणारं द्रव्य आग शमवतं कसं? ग्राहक दीर्घकाळ उघडा राहिला की कॅल्शियम तंतूच्या टोकात भरमसाट शिरतं. टोक आधी दमतं, संदेश देईनासं होतं. मात्रा मोठी असेल तर ते चक्क आक्रसून त्वचेच्या वरच्या थरातून मागे सरतं. हंगेरीच्या मिक्लोश यान्चो यांनी १९४० च्या दशकातच पाहिलं होतं की कॅप्सेसिनचा मारा झालेली जागा पुढे वेदनेला दाद देईनाशी होते. पूर्वी याचं कारण असं सांगत, की तंतूंमधला ‘सबस्टन्स पी’ हा निरोप्या रेणू संपून जातो. मलमांच्या माहितीपत्रकांत अजूनही तेच छापलेलं आढळतं. तो रेणू कमी होतो हे खरं, पण आता मुख्य गोष्ट मानली जाते ती तंतूंची टोकंच काही काळ निकामी होण्याची.

इथपर्यंत दोघं बरोबर चालतात. वाटा फुटतात त्या मात्रेवर.

मलमात कॅप्सेसिन असतं ०.०२५ किंवा ०.०७५ टक्के. पहिलं सहसा सांधेदुखीसाठी, दुसरं मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी. पॅचमध्ये असतं ८ टक्के, म्हणजे अधिक तीव्र मलमाच्याही शंभर पटींहून जास्त. १४ बाय २० सेंटिमीटरच्या एका पॅचमध्ये १७९ मिलीग्रॅम कॅप्सेसिन असतं. हा फरक केवळ ‘सौम्य’ आणि ‘कडक’ असा नाही. मलम तंतूंच्या टोकांना थोडं थोडं दमवतं, आणि ती सावरायच्या आत पुन्हा लावलं तरच परिणाम साचत जातो. पॅच एकाच बैठकीत ती टोकं मागे ढकलतो. निरोगी स्वयंसेवकांवरच्या एका अभ्यासात तासभराच्या पॅचनंतर आठवड्याने त्या जागेतल्या तंतूंची घनता सुमारे ८० टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि २४ आठवड्यांत ती जवळपास पूर्ववत झाली. म्हणजे तंतू मरत नाहीत, टोकं पुन्हा वाढतात. पॅचचा गुण महिनोन्‌महिने टिकतो आणि मग ओसरतो, त्यामागचं कारण हेच.

मलमाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सर्वाधिक गैरसमज आणि सर्वाधिक निराशा त्याच्याच वाट्याला येते. ते दिवसातून तीन ते चार वेळा लावावं लागतं, रोज, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. पहिले काही दिवस प्रत्येक वेळी जळजळ होते. नेमकी इथेच गडबड होते. आग होते म्हणून माणूस दिवसातून एकदाच लावतो किंवा दुखेल तेव्हाच लावतो. पण तसं केल्याने टोकं कधी दमतच नाहीत, आणि प्रत्येक वेळी आग मात्र नव्याने होते. नियमाने लावणाऱ्याची जळजळ काही दिवसांत उतरत जाते. अधूनमधून लावणाऱ्याची उतरत नाही. दुखेल तेव्हा चोळायच्या बामची सवय इथे घातक ठरते. मलम द्यायचं तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी, शांतपणे बसवून सांगायला हवी. ती न सांगता नुसती ट्यूब हातात ठेवणं म्हणजे उपचार अर्धवट करणं, असं माझं मत आहे.

लावण्याच्या पद्धतीतही काही बारकावे आहेत. थर पातळ हवा आणि त्वचा अखंड हवी. नागिणीचे फोड पूर्ण भरून येईपर्यंत मलम लावायचंच नाही. लावण्याच्या आधी किंवा नंतर लगेच गरम पाण्याने अंघोळ केली, शेक घेतला, घाम येईपर्यंत व्यायाम केला तर आग भडकते, कारण उष्णतेचा आणि कॅप्सेसिनचा ग्राहक एकच. वरून घट्ट पट्टी बांधायची नाही. हात साबणाने स्वच्छ धुवायचे. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलकट पदार्थांत विरघळतं, म्हणून नुसत्या पाण्याखाली हात धरून ते जात नाही. दुखणं हातांवरच असेल तर अर्धा तास थांबून मग हात धुवायचे, आणि तोवर डोळ्यांकडे बोट न्यायचं नाही. वाळलेल्या मलमाची भुकटी नाकात गेली तर शिंका आणि खोकला येतो. त्याने घाबरायचं कारण नाही, पण दमा असलेल्याने जपावं.

पॅचचं वळण अगदी वेगळं आहे. तो घरी लावायचा नसतोच. प्रशिक्षित डॉक्टर किंवा परिचारिका दुखऱ्या भागाची सीमा पेनाने आखून घेतात, केस कात्रीने कापतात, पण वस्तऱ्याने काढत नाहीत. मग त्या आकाराचा पॅच कापून लावतात. नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी ६० मिनिटं, मधुमेहातल्या पावलांच्या दुखण्यासाठी ३० मिनिटं. एका वेळी जास्तीत जास्त चार पॅच. हातमोजे नायट्राइलचे लागतात, लॅटेक्सचे चालत नाहीत, कारण कॅप्सेसिन त्यातून पार होतं. काढताना पॅच हळूहळू आतल्या बाजूला गुंडाळत काढतात, म्हणजे कण हवेत उडत नाहीत, आणि मग खास जेल लावून उरलेलं कॅप्सेसिन पुसून घेतात. आग चांगलीच होते, हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी थंड पॅक आणि गरज पडल्यास वेदनाशामक औषध देतात. त्या वेदनेने रक्तदाब तात्पुरता चढू शकतो, म्हणून तो मोजत राहतात. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. चेहऱ्यावर आणि डोक्यावर केसांच्या रेषेच्या वर हा पॅच लावत नाहीत. नागिणीचा फटका डोळ्याभोवती बसलेल्यांसाठी हे दुर्दैवाने मोठं बंधन आहे.

या एका बैठकीचा गुण एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो आणि ज्यांना येतो त्यांना तो साधारण तीन महिने पुरतो. मग दुखणं परतलं तर पुन्हा पॅच. तीन महिन्यांच्या आत सहसा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या पॅचला नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी २००९ मध्ये आणि मधुमेहातल्या पावलांच्या दुखण्यासाठी २०२० मध्ये मान्यता दिली.

पुराव्याच्या बाबतीत मात्र दोघं बरोबरीचे नाहीत. उपचारांच्या अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात कमी तीव्रतेच्या मलमाचे सहा अभ्यास तपासले गेले, एकूण ३८९ रुग्ण. निष्कर्ष मलमाच्या बाजूने नव्हता: माहिती अपुरी, आणि विशेष उपयोग असण्याची शक्यता कमी. पॅचच्या २०१७ च्या आढाव्यात आठ अभ्यास आणि २,४८८ रुग्ण होते. तिथे नियंत्रण गटापेक्षा अधिक जणांना चांगला आराम मिळाला, पण तो सगळ्यांना मिळाला नाही. बहुसंख्यांना मोठा फरक जाणवला नाही, हेही तितकंच खरं.

या अभ्यासांतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. पॅचच्या बहुतेक चाचण्यांत तुलनेसाठी वापरलेला ‘खोटा’ पॅच पूर्ण निर्द्रव्य नव्हता. त्यात ०.०४ टक्के कॅप्सेसिन होतं. थोडीही आग झाली नाही तर रुग्णाला लगेच कळणार की आपल्याला खरं औषध मिळालेलं नाही, म्हणून ही तजवीज. पण ०.०४ टक्के म्हणजे जवळपास मलमाचीच तीव्रता! अर्थात एकदाच, तासभर लावलेलं ०.०४ टक्के आणि महिनाभर दिवसातून चारदा लावलेलं मलम यांची थेट तुलना होत नाही. तरी एक गोष्ट यातून दिसते: आग होते म्हणजे औषध काम करतंय, असं नाही. नुसती जळजळ आणि तंतूंची टोकं खरोखर मागे हटणं यांत मोठं अंतर आहे.

मग मलम मोडीतच काढायचं का? मी तसं म्हणणार नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात, ज्यांना तोंडावाटे औषधं नकोत किंवा सोसत नाहीत आणि ज्यांचं दुखणं एका जागेपुरतं आहे, त्यांच्यासाठी मलमाचा पर्याय ठेवला आहे. पॅच मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये असं म्हटलं आहे. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये ८ टक्क्यांच्या पॅचला दुसऱ्या फळीत स्थान दिलं. तळहाताएवढ्या जागेचं दुखणं, दिवसातून चार वेळा लावायची शिस्त आणि महिनाभराचा धीर असेल तर मलम करून पाहण्याजोगं आहे. सहा-आठ आठवडे नेमाने लावूनही फरक नसेल तर ते थांबवावं आणि डॉक्टरांपाशी पॅचचा विषय काढावा. दोन्हींतलं कॅप्सेसिन रक्तात अगदी नगण्य उतरतं, त्यामुळे चालू गोळ्यांशी त्यांचं सहसा भांडण होत नाही. ही दोघांचीही मोठी जमेची बाजू.

नावावरून आणखी एक घोटाळा होतो. पाठदुखीसाठी दुकानात कॅप्सिकमच्या, म्हणजे मिरचीच्या अर्काच्या, चिकटपट्ट्या मिळतात. दिसायला त्या पॅचसारख्या असल्या तरी तीव्रतेने मलमाच्या कुळातल्या आहेत. त्या लावून ‘पॅच करून पाहिला’ असं म्हणता येणार नाही. लिडोकेनचा पॅच तर निराळाच. तो जागा बधिर करतो, जळजळ करत नाही आणि घरी १२ तासांपर्यंत लावून ठेवता येतो. आणि मिरची वाटून लेप लावणं हा मलमाचा किंवा पॅचचा घरगुती पर्याय नव्हे. त्यात कॅप्सेसिन किती हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि त्वचा भाजल्यासारखी सोलवटून निघू शकते. मिरच्या खाल्ल्याने पावलांची आग थांबेल हा समजही सोडून द्यावा. हे औषध चालतं ते लावलेल्या जागेच्या तंतूंवर.

मधुमेह असलेल्यांनी एक काळजी दोन्ही उपचारांत घ्यायची आहे. त्यांच्या पावलांची संवेदना आधीच उणावलेली असते आणि कॅप्सेसिन वेदना टिपणारी टोकंच शांत करतं. पॅचमुळे उष्णता आणि टोचणं ओळखण्यात होणारी घट सहसा किरकोळ आणि तात्पुरती असते, तरी दर वेळी पॅच लावण्याआधी पावलं नीट तपासावी लागतात: भेग, फोड, व्रण काही आहे का. मलम वापरणाऱ्याला तपासणारं दुसरं कोणी नसतं. त्याने रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि त्वचा फुटलेली दिसली तर त्या जागी मलम बंद करून डॉक्टरांना दाखवावं.