धाबे, कूलर, एसी : विदर्भातल्या घरातील गारव्याची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात हल्ली घर बांधायला काढले की स्लॅब पडण्याआधीच एसीचा पॉइंट कुठे ठेवायचा ते ठरते. खोलीच्या मापावरून एक टन की दीड टन, हेही दुकानदार सांगून टाकतो. छत कशाचे आहे, पश्चिमेची भिंत किती जाड आहे, हे कोणी विचारत नाही. एके काळी विचार व्हायचा तो याच दोन गोष्टींचा.

वऱ्हाडातली जुनी घरे धाब्याची. सागाच्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा काड्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती हात-दीड हात रुंदीच्या. दुपारची उष्णता एवढ्या मातीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर घरची माणसे अंगणात बाजा टाकून झोपलेली असायची. पूर्वेकडे, भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीत पाऊस जास्त, म्हणून उतरते छप्पर आणि कवेलू, म्हणजे मातीची कौले. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जाई. खिडक्या लहान, कारण नवतपातली, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांतली झळ आत येऊ द्यायची नसे. थंडीसाठी वेगळी सोय कोणी केली नाही. चूल आणि शेकोटी पुरत होती. सेवाग्रामची बापूकुटी याच वळणाची आहे : माती, बांबू, कवेलू. गांधीजी 1936 साली तिथे, म्हणजे तेव्हाच्या सेगावात राहायला आले.

ही घरे सुखाची होती असे मात्र समजू नये. आत अंधार, धूर, पावसाळ्याआधी दरवर्षी कवेलू फेरण्याचा खर्च. त्यात वानरांची टोळी छपरावरून गेली की अर्धे कवेलू फुटलेले. टिनपत्रे गावोगाव आली त्याचे निम्मे श्रेय वानरांना द्यायला हरकत नाही.

पाण्याने हवा गार करण्याची युक्ती भारतात जुनीच. इंग्रजी अमदानीत छावण्यांतल्या बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांवर पाणी मारायला माणूस ठेवलेला असे. पुढे ‘थर्मांटिडोट’ नावाचे यंत्र निघाले : मोठी पेटी, बाजूंना ओला वाळा, आत हाताने फिरवायचा पंखा. आपला टिनाचा कूलर म्हणजे हीच पेटी. माणसाच्या जागी मोटर आली, पाण्याला पंप आला आणि बऱ्याच ठिकाणी वाळ्याऐवजी लाकडाचा भुसभुशीत कीस.

मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की कूलरला याहून चांगला मुलूख मिळणे कठीण. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा फार तर 23 अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला कूलर तिला 28च्या आसपास आणतो. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. ओली हवा बाहेर पडली नाही तर खोलीचे न्हाणीघर होते. आणि टिन, पाणी, वीज एकत्र असताना अर्थिंगकडे दुर्लक्ष केले तर काय होते, ते दर उन्हाळ्यात पेपरात छापून येते. मृग लागून हवा दमट झाली की तोच कूलर नुसती चिकचिक देतो.

एसीचा जन्म नेमका त्या चिकचिकीतून झाला. 1902 साली विलिस कॅरिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. दमट हवेने कागद फुगून रंगांची छपाई जुळत नव्हती, ही तिथली अडचण. माणसांचा उकाडा हा नंतरचा विषय. कूलर हवेत ओल घालतो, एसी ती काढतो. म्हणून कूलरला खिडकी उघडी लागते आणि एसीला बंद. इथल्या घरात दोन्ही हवेत : कोरड्या उन्हाळ्याला कूलर, मृगानंतरच्या दमट दिवसांना एसी. त्यामुळे खिडक्या नीट बंद होणाऱ्या हव्यात आणि हवा निघायला समोरासमोरही. आराखडा काढताना नेमके हेच राहून जाते.

दरम्यान छत बदलले. 1985ची इंदिरा आवास योजना आणि 2016पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) यांनी लाखो कुटुंबांना पक्के घर दिले, ही लहान गोष्ट नाही. पण सपाट भागात 1 लाख 20 हजारांच्या मदतीत किमान 25 चौरस मीटर बांधायचे, तर स्लॅब किंवा टिन यांपलीकडे फारसे काही बसत नाही. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि माणसे झोपायला आत येतात तेव्हा ती उष्णता खाली सोडतो. त्यावर चुन्याचा पांढरा हात किंवा चिनी मातीच्या तुकड्यांचा थर दिला, तर लहान एसीवरही भागू शकते.

2018च्या ‘इको निवास संहिते’ने, म्हणजे केंद्राच्या घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीने, घराच्या छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालून दिली. उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. पण ती संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी बांधकामांसाठी होती. घरकुलाचे छत कसे असावे, हे अजून तरी गवंडी आणि घरमालकच ठरवतात.