परळचं केईएम: उपचार, अध्यापन आणि संशोधन एका आवारात कसं आलं

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरचं केईएम, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय मुंबई महानगरपालिकेचं. त्याच आवारातलं सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘जीएस’, तेही पालिकेचंच. पदवी मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. १९९८ मध्ये ते स्थापन होण्याआधी ती मुंबई विद्यापीठाची असायची. विद्यापीठाने स्वतःचं रुग्णालय चालवायचं, हा युरोप-अमेरिकेतला प्रकार आपल्याकडे फारसा रुजला नाही. रुग्णालय सरकारचं नाहीतर पालिकेचं, आणि विद्यापीठ परीक्षा घेणारं, अशी आपली विभागणी. तरीही उपचार, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामं एकाच आवारात होतात. ती एकत्र येण्यात सरकारी धोरणापेक्षा देणगीदारांचा हट्ट आणि रुग्णांची गर्दी यांचा वाटा मोठा आहे.

सुरुवात भायखळ्यापासून करावी लागते. मुंबईत १८२६ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांसाठी एक वैद्यकशाळा निघाली होती, ती १८३२ मध्ये बंद पडली. पुढे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने महाविद्यालय काढायचं ठरलं, जमशेटजी जीजीभॉय यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले, आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जेजे रुग्णालय एकमेकांना लागूनच सुरू झालं. पहिले प्रमुख चार्ल्स मोरहेड यांनी विद्यार्थ्यांना खाटेपाशी उभं करून शिकवलं, आणि रुग्णांच्या नोंदी जपून त्यांवरून भारतातल्या रोगांविषयी दोन खंडांचा ग्रंथ १८५६ मध्ये छापला. पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. पुढे कुष्ठरोगावरच्या औषधाचा ध्यास घेणारे भाऊ दाजी लाड त्याच तुकडीतले.

संशोधनाला स्वतंत्र जागा मिळाली ती प्लेगमुळे. १८९६ च्या ऑक्टोबरात जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले तेव्हा त्यांना ग्रँट कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवी कैद्यांना टोचली. कैद्याची संमती कितपत खरी, हा प्रश्न संशोधनातली नीती तपासणाऱ्या आजच्या एथिक्स कमिटीने पहिल्या पाच मिनिटांत विचारला असता. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

जेजेचा गाडा सरकारी होता, आणि तिथल्या प्राध्यापकीच्या खुर्च्या मुख्यतः इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या. मुंबईचा पदवीधर डॉक्टर कितीही हुशार असला तरी वरच्या जागेवर त्याचा नंबर लागणं मुश्कील. केईएमचं मूळ या दुखण्यात आहे. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयासाठी पैसा देताना अट घातली की, शिकवणारे सगळे भारतीय असतील, आणि सरकारी नोकरीतले नसतील. पालिकेने ती मान्य केली. सातव्या एडवर्ड राजाच्या स्मारकाचं नाव लावलेलं रुग्णालय आणि हे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झालं. राजाच्या नावाखाली भारतीयांचा हा आग्रह उभा राहिला, याची मला कायम गंमत वाटते. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, गांधीजींचे डॉक्टर आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री.

जागाही मोक्याची पडली. भोवताली गिरण्या, चाळी, रेल्वेचे कारखाने. सूत-धुळीने खोकणारा कामगार, यंत्रात हात गेलेला, क्षयाचा, अडलेली बाळंतीण, सगळे इथेच. विद्यार्थ्याला पुस्तकात वाचलेला आजार त्याच आठवड्यात वॉर्डात दिसायचा. अजूनही दिसतो.

हे चालतं ते ‘युनिट’वर, म्हणजे एका प्रमुखाच्या हाताखालच्या डॉक्टरांच्या गटावर. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे दिवस ठरलेले, इमर्जन्सीचा दिवस ठरलेला. सकाळच्या राउंडला पुढे युनिटप्रमुख, मागे लेक्चरर, मग रजिस्ट्रार आणि हाउसमन हे शिकाऊ डॉक्टर, आणि सगळ्यांच्या शेवटी खांद्यावरून डोकावणारे विद्यार्थी. रजिस्ट्रार केस सांगतो. मग सर एका विद्यार्थ्याला पुढे बोलावून प्लीहा चाचपायला लावतात, बोटं चुकीच्या जागी पडली की सगळ्यांदेखत ऐकवतात, आणि तेवढ्यात ड्रिप बदलायला आलेल्या सिस्टर सगळ्यांना बाजूला करतात. रुग्णाच्या दृष्टीने हा सगळा त्रासच. पोट एकाचं आणि हात दहा जणांचे. पण त्याचा केसपेपर चार वेगवेगळे डॉक्टर वाचतात, आणि एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसरा पकडतो. फुकट किंवा नाममात्र खर्चात उपचार घेणारा गरीबच इतरांच्या शिक्षणाचं साधन होतो, ही गोष्ट मात्र नाकारता येत नाही.

पूर्वी ‘ऑनररी’, म्हणजे मानद डॉक्टरांचा जमाना होता. सकाळी वॉर्ड आणि लेक्चर, दुपारनंतर स्वतःचं कन्सल्टिंग. केईएममध्ये फिजिशियन असलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा गुण १९३१ मध्येच लिहिला होता, पण जगाने दखल घेतली ती या लेखानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं केलं गेलं.

त्याच वर्षी डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. रेल्वे अपघातातला एक जखमी आणि चाकूहल्ल्यातला एक, दोघांना रक्त द्यायचं होतं आणि कोणाचंच जुळेना. एरवी बहुतेकांना चालणारं ‘ओ’ गटाचंसुद्धा नाही. यातून ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ जगाला कळला. रक्त जुळेना म्हणून रुग्णाला दुसरीकडे पाठवून मोकळं होता आलं असतं. पण का जुळत नाही, हे शोधत बसणारं कोणीतरी होतं. शिकवणाऱ्या रुग्णालयाचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच.

सगळे प्रयोग फळाला आले असं नाही. डॉ. पी. के. सेन यांनी कुत्र्यांवर बरीच वर्षं प्रयोग करून १६ फेब्रुवारी १९६८ रोजी केईएममध्ये मानवी हृदयाचं प्रत्यारोपण केलं. केपटाऊनच्या जगातल्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांत दगावला. मेंदूमृत्यूला, म्हणजे हृदय चालू असताना मेंदू कायमचा थांबण्याला, मृत्यू म्हणून मान्यता देणारा कायदा आपल्याकडे आला १९९४ मध्ये, आणि यशस्वी हृदयप्रत्यारोपणही त्याच वर्षी, दिल्लीच्या एम्समध्ये. हात तयार होते, भोवतालची व्यवस्था नव्हती.

६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. हे साधलं दोघांनी: डॉ. इंदिरा हिंदुजा केईएमच्याच, तर डॉ. टी. सी. आनंद कुमार आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेचे. देशातली पहिली म्हणून हिचीच नोंद झाली, कारण कागदपत्रं चोख होती. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्ये हे साधल्याचं सांगितलं होतं, पण सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे मुखर्जींच्या वह्या वाचून पहिलेपणाचा मान त्यांचाच, असं १९९७ मध्ये आनंद कुमार यांनीच जाहीर केलं. एकट्या माणसाच्या पाठीशी संस्था उभी नसेल तर काय होतं, ते यात दिसतं. स्वतःचा मान स्वतःहून सोडणारा संशोधकही.

आज एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला थीसिस सक्तीचा आहे. विषय पहिल्या काही महिन्यांत ठरवायचा, एथिक्स कमिटीपुढे मांडायचा, आणि मग ओपीडी, इमर्जन्सी आणि यूजींचं, म्हणजे एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांचं, क्लिनिक यांतून वेळ काढून रुग्णांच्या संमतीचे फॉर्म भरायचे. यातले कित्येक थीसिस उरकायचे म्हणून उरकले जातात. एखादाच रजिस्ट्रार अजून रात्री ब्लड बँकेत जाऊन विचारतो, हे जुळत का नाहीये.