जुलाबाची गुरगुर की अडलेल्या आतड्याची टिणटिण?

स्टेथोस्कोपने ऐकलेल्या आतड्याच्या आवाजांसाठी चार्टवर दोन पेशंटपुढे एकच शब्द पडतो: ‘हायपरॲक्टिव्ह’, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. एकाला गॅस्ट्रो झालेला असतो, दुसऱ्याचं लहान आतडं अडलेलं असतं. एकाचं आतडं मोकळं आणि घाईत, दुसऱ्याचं बंद दारावर धडका मारणारं. मग तो एक शब्द लिहून काय कळलं?

जुलाबात पातळ मल आणि गॅस मोकळ्या आतड्यातून भराभर पुढे सरकतात. एरवी मिनिटाला साधारण 5 ते 30 आवाज येतात, इथे मोजायलाही उसंत मिळत नाही. सलग गुरगुर, खळखळ. पोट बहुतेक वेळा मऊच असतं.

अडथळ्याचं तसं नाही. अडलेल्या जागेच्या वरचं आतडं गॅस आणि पाण्याने फुगतं, ताणलं जातं. मग आवाज बारीक, उंच पट्टीतला, भांड्यावर थेंब टपकावा तसा येतो. आणि तो सलग नसतो: कळ उठली की आवाजांची लाट, कळ ओसरली की शांतता. म्हणून स्टेथोस्कोप पोटावर असताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर हवी. जोडीला उलट्या, फुगलेलं पोट, बंद झालेला गॅस, जुन्या ऑपरेशनचा व्रण किंवा हर्निया असेल तर संशय पक्का होत जातो.

इथे दोन चकवे आहेत. अडथळा अर्धवट असेल तर पातळ शौच होऊ शकते. जुलाब आहेत म्हणून आतडं मोकळंच आहे असं धरू नये. दुसरा जास्त वाईट: उशीर झाला की आतडं थकतं, आवाज मंदावतात, आणि नवख्याला वाटतं पेशंट सुधारला. पोट फुगलेलंच असेल तर ती सुधारणा नव्हे.

ऐकायचं ते पोट दाबण्याआधी, ठोकण्याआधी. राईल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) असेल तर तिचं सक्शन तेवढ्यापुरतं बंद ठेवा, नाहीतर त्याचाच आवाज आतड्याचा वाटतो. ‘आवाज नाहीत’ लिहायचं तर आधी पूर्ण 5 मिनिटं ऐका. एवढं करूनही दोन अनुभवी कानांचं मत वेगळं पडतं, तेव्हा निव्वळ आवाजावर निदान टांगू नये.

मी नोंद अशी करते: ‘बारीक टिणटिण, कळेसोबत वाढते, पोट फुगलेलं, सकाळपासून गॅस नाही, दोन उलट्या.’ आणि जुलाब थांबवायचं औषध किंवा मेटोक्लोप्रमाइड (उलटीवरचं, आतड्याची हालचाल वाढवणारं औषध) लिहिलेलं असेल, तर ते देण्याआधी डॉक्टरांना फोन.