भिजवलेली लेबलं आणि बारीक अक्षरं: सॅम्पलमधून जुनी गाणी सापडायला लागली त्याची पार्श्वभूमी

२००२ साली ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' आलं तेव्हा मी पुण्यात हॉस्टेलला होतो, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर ते लागलं आणि सुरू होता होताच रूममधले सगळे ओरडले, अरे ही तर लताबाई! आवाज कोणाचा हे सांगायला कुणाला काही लागलं नाही, पण गाणं कुठलं म्हणाल तर सगळे गप्प. दोन दिवसांनी एकाच्या मावशीने फोनवर सांगितलं, 'ज्योती' मधलं आहे, 'थोडा रेशम लगता है', बप्पी लाहिरी, सिनेमा १९८१ चा. म्हणजे आपल्याच घरातलं धूळ खात पडलेलं गाणं आम्हाला 'अ‍ॅडिक्टिव्ह' बनवणाऱ्या, लॉस अँजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या डीजे क्विकने काढून दिलं. तेव्हा फक्त हसू आलं होतं, पण नंतर हिप हॉप ऐकत गेलो तसं कळलं की अमेरिकेत तर पोरं वीस-पंचवीस वर्षं हेच करत होती, रॅप ऐकायचं, त्यातला जुन्या रेकॉर्डमधून उचललेला एखादा तुकडा, म्हणजे सॅम्पल, डोक्यात अडकायचा, मग तो मूळ कुठला ते शोधत शोधत फंक या ठेकेबाज नाचाच्या संगीतातल्या जेम्स ब्राऊनपासून थेट जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकीपर्यंत पोचायचं. गंमत अशी की ज्यांनी हे सुरू केलं त्यांना तर कुणी काही शोधू नये असंच वाटत होतं.

हिप हॉपची सुरुवात सगळ्यांना माहीत असलेली. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली १५२० सेज्विक अव्हेन्यू ही बिल्डिंग, तिथल्या रेक्रिएशन रूममध्ये क्लाइव्ह कॅम्पबेल उर्फ डीजे कूल हर्क याच्या बहिणीने, सिंडीने, शाळा सुरू व्हायच्या आधी पार्टी ठेवलेली, मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. हर्क मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा. त्याच्या लक्षात आलं होतं की लोक गाणं चालू असताना उभे असतात आणि मधे गायक, ब्रास, पियानो सगळे थांबून फक्त ड्रम वाजायला लागला की पोरं फ्लोअरवर तुटून पडतात. हा तुकडा म्हणजे ब्रेक. पण तो असतो जेमतेम काही सेकंदांचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन टर्नटेबलवर लावल्या, एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा, तोवर पहिली मागे न्यायची, आणि दहा सेकंदांचा तुकडा पाहिजे तेवढा ताणायचा. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या दुसऱ्या डीजेने रेकॉर्डवर क्रेयॉनने खुणा करून हेच काम घड्याळासारखं अचूक केलं.

आता ब्रेक कुठल्या रेकॉर्डवर आहे हेच तर डीजेचं भांडवल. म्हणून हर्क काय, आफ्रिका बम्बाटा हा दुसरा डीजे काय, रेकॉर्ड पाण्यात भिजवून मधलं गोल लेबल सोलून टाकायचे, जमैकात मोठे स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवणाऱ्या साउंड सिस्टीमवाल्यांची जुनी सवय. शेजारी उभ्या असलेल्या पोराने कितीही मान वाकडी केली तरी त्याला काळी कोरी चकतीच दिसणार. हॉटेलातल्या आचाऱ्याने मसाल्याचे डबे लेबलं फाडून ठेवावेत तसं.

आणि लपवत काय होते ते बघा, कधीकधी एकदम विचित्र माल. हिप हॉपचं राष्ट्रगीत म्हणतात ते 'अपाची', इन्क्रेडिबल बाँगो बँडचं, १९७३ चं. हा बँड म्हणजे मायकेल व्हायनर नावाच्या रेकॉर्ड कंपनीतल्या माणसाने स्टुडिओतले वादक गोळा करून उभा केलेला, सुरुवात एका बी ग्रेड सिनेमाच्या संगीतापासून झालेली, आणि गाणं मूळचं द शॅडोज या इंग्लिश गिटारवाल्या बँडने १९६० साली गाजवलेलं. ब्राँक्सच्या पोरांना या कुंडलीशी काही देणंघेणं नव्हतं, मधला बाँगो आणि ड्रमचा लांबलचक तुकडा खणखणीत होता, बास. मला ही वृत्ती फार आवडते, चांगलं कुठे मिळेल याबद्दल कसलाही सोवळेपणा नाही.

१९७९ ला 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाणं आलं ते सॅम्पल नव्हतं, स्टुडिओत बसवलेल्या वादकांनी शीक या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स' ची बेसलाइन, म्हणजे खालच्या सुरांतली ओळ, परत वाजवली होती, आणि ते गाणं लिहिणाऱ्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हरकत घेतल्यावर गीतकार म्हणून त्यांची नावं आली. इथूनच पुढच्या भांडणांची चाहूल लागली म्हणायची.

खरा बदल झाला तो मशीनमुळे. ८० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या मार्ली मार्ल या निर्मात्याला एका रेकॉर्डवरून आवाज उचलताना चुकून त्याबरोबर स्नेअर ड्रमचा एक ठोका सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाज साठवून परत वाजवणाऱ्या मशीनमध्ये, आला आणि त्याला झटका बसला, म्हणजे ड्रम मशीनच्या टकटक आवाजाऐवजी जुन्या रेकॉर्डमधला खराखुरा ड्रम ठोका-ठोका करून काढता येतो तर! मग १९८७ ला ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पलर आलं, पुढच्या वर्षी अकाई कंपनीचं एमपीसी-६०. एसपीची मेमरी ऐकून आज हसाल, सगळी मिळून १० सेकंद, आणि एका सॅम्पलला जास्तीत जास्त अडीच सेकंद. मग पोरांनी जुगाड काढला. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या स्पीडची एलपी ४५ वर लावायची, ती चिपमंकसारखी चिरक्या आवाजात पळते, तशीच आत घ्यायची म्हणजे कमी जागेत जास्त गाणं मावतं, आणि नंतर मशीनमध्ये पिच खाली ओढून मूळ वेगावर आणायची. या उद्योगात आवाज थोडा फाटतो, खरखरीत होतो, वरची चमक जाते. आज पैसे मोजून खास सॉफ्टवेअर घेऊन लोक तीच खरखर आणायला बघतात आणि ती मुळात जागा वाचवताना पडलेली घाण आहे!

लपवाछपवीला पहिलं मोठं भगदाड पडलं १९८६ साली. त्या वर्षी 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' नावाची रेकॉर्ड्सची मालिका सुरू झाली, ब्रेकबीट लेनी आणि ब्रेकबीट लू या दोघांनी काढलेली, १९९१ पर्यंत २५ भाग. ज्या ब्रेक्ससाठी लोकांनी लेबलं भिजवली ते सगळे एका जागी, गाण्याच्या नावासकट. जुन्या डीजेंचा जळफळाट झाला नसेल तर नवल. त्याच वर्षी जेम्स ब्राऊनचं 'इन द जंगल ग्रूव्ह' हे संकलन आलं आणि त्यात 'फंकी ड्रमर' होतं. हे गाणं रेकॉर्ड झालेलं नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीला, १९७० ला सिंगल म्हणून निघालं आणि नंतर कुठल्या अल्बममध्ये नव्हतंच, म्हणजे सोळा वर्षं ते जवळपास अडगळीत. नेमकं सॅम्पलर स्वस्त होत असताना ते परत हातात आलं आणि पुढच्या दोन-चार वर्षांत पब्लिक एनिमीपासून एलएल कूल जे पर्यंत सगळ्या रॅपवाल्यांनी त्यातला क्लाइड स्टबलफील्ड या ड्रमरचा ब्रेक वापरून वापरून झिजवला.

फंक झिजलं तशी पोरं पुढच्या कपाटाकडे वळली, आणि ते कपाट बहुतेकदा बापाचं होतं. ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप ग्रुपचा क्यू-टिप याच्या वडिलांकडे जॅझच्या रेकॉर्ड्स होत्या, आणि १९९१ च्या 'द लो एंड थिअरी' च्या पहिल्याच गाण्यात तो सांगतो की हे ऐकून वडिलांना बीबॉप ही जुनी जॅझ शैली आठवतं, आणि खाली जी बेस चालू असते ती आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्सची. त्याच अल्बमवर एका गाण्यात तर माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला रॉन कार्टर स्वतः येऊन डबल बेस वाजवून गेलाय. दोन वर्षांनी ट्राइबच्याच 'इलेक्ट्रिक रिलॅक्सेशन' मध्ये रॉनी फॉस्टर या ऑर्गनवाल्याचं १९७२ चं 'मिस्टिक ब्रू' आलं.

पण मला कुणी विचारलं की एकच उदाहरण दे तर मी पीट रॉक आणि सीएल स्मूथ या रॅप जोडीचं १९९२ चं 'दे रेमिनिस ओव्हर यू' देईन. हेवी डी अँड द बॉइझ या रॅप ग्रुपमधला त्यांचा मित्र ट्रॉय डिक्सन १९९० साली अपघातात गेला, त्याच्या आठवणीतलं गाणं. त्यातला सॅक्सोफोन ऐकला की घशात काहीतरी अडकतं, सुरुवातीपासून तीच ओळ परत परत येते आणि दर वेळी नव्याने लागते. मी मूळ शोधलं तर निघाला टॉम स्कॉट, १९६७ चा 'द हनीसकल ब्रीझ' अल्बम, वादक तेव्हा जेमतेम १८-१९ वर्षांचा, आणि गाणं 'टुडे', तेही त्याचं नाही, जेफरसन एअरप्लेन या हिप्पी रॉक बँडचं. ऐकायला लावलं तर मऊ मऊ कोरस, हलकंफुलकं प्रेमाचं गाणं, मला वाटलं चुकीचं लागलं, बंद करणार होतो, आणि बरंच पुढे गेल्यावर अचानक तो सॅक्स येतो. थोडा वेळ राहतो आणि गाणं आपल्या वाटेने निघून जातं. पीट रॉकने एवढ्या गोड सरबतातून तो एक घोट ओळखला आणि त्याचं शोकगीत केलं. पण मूळ गाणं वाईट नाहीये हां, आता मला ते आख्खं आवडतं, फक्त सॅक्सची वाट बघत ऐकायची सवय काही जात नाही.

मग कायदा आला. गायक गिल्बर्ट ओ'सलिव्हनचं जुनं गाणं बिझ मार्की या रॅपरने परवानगी न मिळता वापरलं, प्रकरण न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेलं आणि डिसेंबर १९९१ मध्ये जज केव्हिन डफी यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. त्याआधी द टर्टल्स या जुन्या बँडवाल्यांनी डे ला सोल या रॅप ग्रुपला सॅम्पलवरूनच कोर्टात खेचलेलं, ते बाहेरच मिटलं. बिझ मार्कीने पुढच्या अल्बमचं नावच 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड', म्हणजे सगळ्या सॅम्पलची परवानगी घेतलेली, असं ठेवलं, १९९३ ला. २००५ ला तर दुसऱ्या एका कोर्टाने फंकाडेलिक बँडच्या दोन सेकंदांच्या गिटारवरून सांगितलं की लायसन्स घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. एका गाण्यात पंधरा-वीस तुकडे शिवायचे दिवस संपले, कारण प्रत्येक तुकड्याचे पैसे मोजायचे म्हणजे दिवाळंच.

सगळे जण ही गोष्ट इथे सुस्कारा टाकून थांबवतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे, याच कज्ज्यांमुळे तुमच्या-माझ्यासारख्या ऐकणाऱ्याला पत्ता मिळाला. आता वकिलांच्या भीतीने प्रत्येक सॅम्पलचं नाव, मूळ कलाकार, गीतकार, कंपनी हे सगळं सीडीच्या पुस्तिकेत आणि कॅसेटच्या घडी घातलेल्या इनलेवर छापावं लागत होतं. मी तो इनलेचा कागद उजेडात धरून, मुंगीएवढी अक्षरं वाचून नावं वहीत उतरवली आहेत, आर्ट ब्लेकी हे नाव मला कुठल्या जॅझच्या पुस्तकाने नाही सांगितलं. भिजवून सोललेलं लेबल कोर्टाने परत चिकटवलं असं म्हणा. ब्लू नोटसारख्या जॅझ कंपनीलाही यातला फायदा दिसला, असथ्री (Us3) या ग्रुपने त्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स वापरून १९९३ ला 'कँटालूप' काढलं आणि लोक जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचं १९६४ चं मूळ गाणं शोधत आले.

फक्त नाव छापलं म्हणजे पैसे पोचले असं नाही. स्टबलफील्ड हा जेम्स ब्राऊनचा पगारी ड्रमर, गाण्याचा हक्क गीतकाराचा, रेकॉर्डिंगचा हक्क कंपनीचा, ड्रमवाल्याचा कशाचाच नाही, त्याला त्या ब्रेकची रॉयल्टी मिळाली नाही आणि २०१७ ला तो गेला. विन्स्टन्स या बँडच्या 'अमेन ब्रदर' ची गोष्ट तर अजून वाईट. १९६९ ची रेकॉर्ड, 'कलर हिम फादर' या गाजलेल्या गाण्याच्या मागची बाजू, त्यातला सहा-सात सेकंदांचा ड्रम ब्रेक हजारो गाण्यांत गेला, इंग्लंडमधलं जंगल म्युझिक नावाचं वेगवान नाचाचं संगीत तर त्याच्यावरच उभं राहिलं. वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत वारला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ साली एका ब्रिटिश डीजेने लोकवर्गणी काढून २४ हजार पौंड दिले, तोवर त्यालाही काही नाही.

आणि बप्पीदांचं? २००३ ला लॉस अँजेलिसच्या कोर्टाने सांगितलं की लाहिरींचं नाव टाकेपर्यंत 'अ‍ॅडिक्टिव्ह' ची विक्री थांबवा, आपल्या पेपरांत तेव्हा मोठं कौतुक छापून आलं होतं. पण पुढे तोच खटला त्यांच्या विरोधात गेला, कारण गाण्याचे हक्क त्यांच्याकडे नव्हतेच, सिनेमाच्या निर्मात्याकडून ते रेकॉर्ड कंपनीकडे गेलेले. सिनसिनाटीतला ड्रमर आणि मुंबईतला संगीतकार एकाच दरवाज्याबाहेर उभे. त्यानंतर लगेच २००५ ला ब्लॅक आइड पीज या अमेरिकन ग्रुपने 'डॉन' मधलं 'ये मेरा दिल' घेऊन गाणं केलं, त्यावर ग्रॅमीही मिळवलं, आणि आशाताईंचा आवाज ओळखायला इथे कुणाला इनले वाचावा लागला नाही.

आता ॲपवर गाणं लागतं तेव्हा तो कागदच नसतो. डे ला सोलचे जुने अल्बम सॅम्पलच्या गुंत्यामुळे स्ट्रीमिंगवर मार्च २०२३ पर्यंत आलेच नव्हते, आणि आले तेव्हा स्क्रीनवर चित्र, नाव आणि प्ले बटण. शोधायला २००८ पासून हूसॅम्पल्ड ही वेबसाइट आहे, तिथे एका क्लिकमध्ये मूळ गाण्याचा नेमका सेकंदही मिळतो, आणि मी तेच वापरतो, उगाच जुन्या काळाचे गोडवे गात नाही. रॉनी फॉस्टरने २०२२ साली ब्लू नोटवर 'रीबूट' नावाचा अल्बम काढला, ३६ वर्षांनी स्वतःच्या नावावरचा पहिला. मी तो आला त्याच आठवड्यात लावला, ऑर्गन ऐकला, आणि मग न राहवून परत १९७२ चं 'मिस्टिक ब्रू' लावलं.